मलमाच्या डबीतले तीन चिंचोके

ज्या माणसाबद्दल लिहिते आहे त्याचं नाव मी इथं देणार नाही. दया म्हणून नाही. माझ्या हातानं ते कागदावर उतरावं एवढाही मान मला त्याला द्यायचा नाही. आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात तो थुंकी तपासायचा. बेडका काचेवर पसरायचा, रंग लावायचा, दुर्बिणीखाली बघायचं आणि टीबीचे जंतू आहेत की नाहीत ते कागदावर लिहून द्यायचं, याचा त्याला सरकार पगार देत होतं. तो पगार कशाचा घेतो हे मला कळलं तेव्हा मी बावीस वर्षांची होते. पुढचे आठ दिवस माझ्या डोक्यात त्याच्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन बरीच वर्षं झाली होती आणि नाव काही बदललं नव्हतं. आमच्या बौद्धवाड्यातली माणसं परभणीला मोर्च्याला जायची. मीही जायचे, घसा बसेपर्यंत घोषणा द्यायचे. डी.एड. झालं होतं, नोकरीची ऑर्डर यायची होती, म्हणून वाड्यात आलेला प्रत्येक कागद वाचायला माझ्याकडे यायचा. तलाठ्याची नोटीस, बँकेचं पत्र, दवाखान्याची चिठ्ठी, सगळं. लोक माझ्या तोंडाकडे बघत बसायचे आणि मी उगाच थोडा वेळ घेऊन वाचायचे. मला त्याची ऐट होती, खोटं कशाला बोलू.

बेडक्याच्या डब्यांचं कामही मीच अंगावर घेतलं होतं. दवाखान्यातून मलमाची रिकामी डबी मिळायची. सकाळी उठल्याबरोबर तिच्यात बेडका टाकून ती नेऊन द्यायची. झाकणं ढिली, वाटेत सांडायचं, म्हणून मी वहीच्या कागदाची पट्टी कापून, तिच्यावर नाव लिहून, कणकेच्या खळीनं झाकणावरून खालपर्यंत चिकटवायचे. पट्टी फाडल्याशिवाय झाकण निघायचं नाही. सगळ्या वाड्याच्या डब्यांवर माझंच अक्षर असायचं.

डब्या ठेवायला दवाखान्यात दोन घमेली होती. एक आत, त्याच्या टेबलाखाली, ते गावातल्यांचं. दुसरं बाहेर, खिडकीखाली, ते आमचं. तसं कुठं लिहिलेलं नव्हतं आणि कुणी कुणाला सांगितलंही नव्हतं. पण आमचा माणूस डबी घेऊन गेला की पायरीच्या अलीकडेच वळायचा आणि बाहेरच्या घमेल्यात ठेवून यायचा. मीही तशीच वळायचे. मोर्च्यात मुठी आवळणारी मी, त्या खिडकीखाली गपगुमान वाकायचे, आणि त्यात काही वावगं आहे असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

आमच्या समोरच्या घरात मावशी राहायची. नात्यानं कुणी नव्हे, पण आईची जिवाभावाची. श्रावणात तिला खोकला लागला. तिची डबी मीच नेली, चार दिवसांनी कागदही मीच आणला आणि तिच्या दारात उभं राहून वाचला. जंतू आढळले नाहीत. मी म्हटलं, "मावशी, तुला काई न्हाई. नुसता खोकला हाय." तिनं डोळे पुसले, आत जाऊन गुळाचा खडा आणला, माझ्या हातावर ठेवला आणि वाड्यात घरोघर गूळ वाटला. दसऱ्याच्या आत ती गेली. अशक्तपणानं गेली, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

दिवाळीनंतर आई खोकायला लागली. संध्याकाळी अंग तापायचं, चोळी दंडावर सैल झाली होती. वडील लहानपणीच गेलेले, घरात आम्ही दोघीच. मी डबी नेली. पाचव्या दिवशी कागद आणायला गेले. खिडकीतून त्यानं कागद बाहेर टाकला, हातात दिला नाही, ते नेहमीचंच. मी तो उचलायला वाकले तर घमेल्यात आईची डबी दिसली. माझी पट्टी जशीच्या तशी होती. कुठं चीर नाही, चुरगळलेली नाही. आणि हातातला कागद म्हणत होता, जंतू आढळले नाहीत.

मी विचारलं, डबी न उघडता तुम्ही तपासली कशी? तो म्हणाला, उघडली होती, मग परत चिकटवली. मी म्हटलं, पट्टीवर अक्षर माझं आहे. तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"जंतू न्हाईत म्हनलं ना?" तो म्हणाला. "खुश व्हायचं सोडून भांडायलीस काय?"

आणि त्यानं खिडकी लावून घेतली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शहाण्या माणसानं दुसऱ्या दिवशी आईला घेऊन परभणीची गाडी पकडली असती. मी पकडली नाही. मला आधी तो हवा होता. चार माणसांत, डॉक्टरांसमोर, त्याच्या तोंडातून खोटं वदवून घेऊन मग त्याचं तोंड कसं होतं ते मला बघायचं होतं. आईला सांगितलं की बेडका पुन्हा द्यायचाय, आठ दिवस लागतील. नवी डबी आणली. फडताळातल्या गाडग्यातून तीन चिंचोके घेतले, धुऊन, पुसून डबीत टाकले, झाकण लावलं. पट्टी इतकी नीट चिकटवली की तशी कुणासाठीच चिकटवली नसेल. त्यावर आईचं नाव लिहिताना मला हसू येत होतं. ते हसू चांगलं नव्हतं.

बाहेरच्या घमेल्यात डबी ठेवली आणि वाट बघत बसले.

आई रोज विचारायची, "बाई, परभनीला कवा जायचं?" मी म्हणायचे, कागद येऊ दे. सहाव्या दिवशी तिनं पदराचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं. संध्याकाळी ते लुगडं धुऊन दोरीवर टाकलं होतं, तेव्हा ते टोक मी पाहिलं. लाल डाग पुरता निघाला नव्हता. तो मी पाहिला आणि तरी आणखी दोन दिवस थांबले. आईच्या जिवापेक्षा त्या दोन दिवसांत मला तो माणूस मोठा झाला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आठव्या दिवशी मी कागद आणला. जंतू आढळले नाहीत.

त्या दिवशी गावचा बाजार होता. बाजाराला आलेली माणसं दवाखाना करूनच घरी जायची, त्यामुळे व्हरांडा गच्च भरला होता. हाच दिवस गाठायचा म्हणून मी कागद आणायला मधे गेलेच नव्हते. डॉक्टर नवीन होते, लातूरकडचे, मवाळ बोलणारे. माझा नंबर आल्यावर कागद त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, साहेब, हा मला वाचता येत नाही, अर्थ सांगा. त्यांनी सांगितलं, तुमच्या आईच्या बेडक्यात टीबीचे जंतू दिसले नाहीत. मी म्हटलं, ज्यांनी पाहिलं त्यांना बोलवा, मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय.

तो आला. हात पुसत, कपाळाला आठी घालून.

"तुमी सोता पाहिलं?" मी विचारलं.

"मंग काय तुज्या बापानं पाहिलं?" मागची माणसं हसली. डॉक्टरांनी त्याला नीट बोलायला सांगितलं. मग तो म्हणाला, "दोनदा पाहिलं, सर. पुरी काच पाहिली. क्लीन आहे."

एवढंच मला हवं होतं. मी बाहेर गेले, घमेल्यातून डबी आणली, पट्टी सगळ्यांना दाखवली आणि डॉक्टरांच्या हातात दिली. त्यांनी पट्टी फाडली, झाकण काढलं, डबी तिरकी केली. तीन चिंचोके टेबलावर घरंगळले. एक खाली पडला आणि त्याच्या चपलेपाशी जाऊन थांबला.

"दुर्बिणीखाली चिंचोके कसे दिसतात, सायब?" मी त्यालाच विचारलं.

पुन्हा माणसं हसली, पण या वेळी त्याला. गावातलीसुद्धा हसली. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग चुन्यासारखा पांढरा. हिनं डबी बदलली, असं काहीतरी तो पुटपुटला. डॉक्टरांनी त्याचंच रजिस्टर उघडलं. त्यात डबीचा नंबर होता, निकाल होता, खाली सही होती. मी त्याच्याकडे डोळे भरून पाहत होते. नाचावंसं वाटत होतं. आठ दिवसांची भूक त्या एका घडीत भागली, असं मला वाटलं.

डॉक्टरांनी शिपायाला विचारलं, बाहेरच्या घमेल्यातल्या डब्यांचं पुढं काय होतं? तपासून झाल्यावर डब्या जाळायच्या असतात. शिपाई खाली मान घालून म्हणाला, रॉकेल मिळत नाही, मागं पोत्यात भरून ठेवल्यात. पोतं आणून व्हरांड्याच्या कडेला रिकामं केलं. डब्याच डब्या. प्रत्येकीवर माझी पट्टी, माझं अक्षर, आणि एकही पट्टी फाटलेली नाही. हसणारी माणसं ढिगाभोवती येऊन वाकून नावं बघायला लागली.

आणि त्यात मावशीची डबी होती.

नाव मी वळणदार काढलं होतं, तिला आवडावं म्हणून. तिनं त्या दिवशी बोट ठेवून विचारलं होतं, ह्येच का माझं नाव? मी ती डबी उचलली, परत ढिगात ठेवली आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी आईला परभणीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं बेडका तपासणारे एक म्हातारे मुसलमान गृहस्थ होते. आईनं तोंड खळखळून धुतलं आणि डबीत स्वच्छ थुंकी दिली, कारण साहेबापुढं घाण काय ठेवायची. त्यांनी डबी उजेडात धरली आणि मऊ आवाजात म्हणाले, "अम्मा, ये तो थूक है. छाती का माल होना." मग तिला उन्हात बसवलं, खोल श्वास घ्यायला लावले आणि ती खोकून-खोकून पिवळा बेडका काढेपर्यंत थांबले. तिच्या हातातून डबी त्यांनी आपल्या हातात घेतली. दुपारी मला बोलावून दुर्बिणीत बघू दिलं. निळ्या रंगात लाल बारीक काड्या होत्या. त्या जितक्या जास्त, तितक्या बेरजेच्या खुणा कागदावर जास्त, असं त्यांनी समजावलं. आईच्या कागदावर दोन होत्या.

मी त्यांना विचारलं, जंतू आढळले नाहीत असं लिहून आलं तर माणूस चांगला आहे असंच ना? ते नाही म्हणाले. त्या दिवशीच्या, त्या बेडक्यात दिसले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. खोकला थांबत नसेल तर दुसऱ्यांदा द्यायचा, तिसऱ्यांदा द्यायचा, छातीचा फोटो काढायचा. एका कागदावर कुणाला घरी पाठवायचं नाही. हे सांगताना ते माझ्यावर रागावलेले नव्हते, पण मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

सुया आणि गोळ्या दीड वर्ष चालल्या. आई वाचली. चढ चढताना धाप लागायची, पण वाचली.

त्या माणसाची फक्त बदली झाली, दुसऱ्या तालुक्यात. तिथंही खिडकी असेल, तिथंही दुसरं घमेलं असेल. मी चौकशा करून त्याचं गाव काढलं आणि तिथल्या बौद्धवाड्याला पोस्टकार्ड टाकलं: डबीवर पट्टी चिकटवा, कागद घेताना पट्टी बघा, आणि डबी आतल्या घमेल्यात ठेवा. पुढं त्याची आणखी दोनदा बदली झाली. दोन्ही वेळा माझं कार्ड त्याच्या मागोमाग गेलं. त्याला ते कळत होतं, असं मला नंतर समजलं. बरं झालं.

पण पोत्याची बातमी त्याच आठवड्यात वाड्यात पसरली होती. परभणीहून आलो त्या संध्याकाळी मावशीचे मालक, ज्यांना सगळा वाडा मामा म्हणायचा, दारात येऊन उभे राहिले. हातात श्रावणातला तो कागद होता, चार घड्या घातलेला.

"तू चांगला हाय म्हनलीस, म्हनून पेटीत ठिवला व्हता," ते म्हणाले. "आता वाच बरं, काय म्हनतोय."

मी सांगितलं, "मामा, तिची डबी त्यानं उघडलीच न्हवती."

त्यांनी कागद उलगडला आणि अक्षरांवरून बोट फिरवलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

"पट्टी तर तूच लावली व्हती."

"व्हय."

"घमेल्यात तूच ठिवली."

"व्हय."

ते मला दोष देत नव्हते. झालं कसं, ते एकामागून एक लावून बघत होते. मग त्यांनी घड्या पहिल्यासारख्या घातल्या आणि विचारलं,

"मंग तिनं गूळ कशाचा वाटला, बाई?"

त्या माणसाची बदली झाली. मी मात्र पुढची चार वर्षं त्याच घरात होते, आणि सकाळी दार उघडलं की समोर ओट्यावर मामा बसलेले असायचे.