मेसच्या टेबलावरचे सात कांदे

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तरी आखातातल्या रास लफानच्या कामगार कॅम्पात सगळे मला कोच म्हणायचे आणि मला ते फार आवडायचं. तसा मी कामाला मुकादम, क्रेनला लोखंड बांधून देणाऱ्या टोळीचा. नव्वदीच्या शेवटी तिथं कॅम्पाकॅम्पांत कबड्डीचे सामने सुरू झाले, दर शुक्रवारी दुपारनंतर. टँकरने वाळूवर पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, फक्की मिळायची नाही म्हणून जिप्समच्या पावडरीने रेघा ओढायच्या. आमच्या कॅम्पाचा संघ मी माझ्याकडे घेतला. कुणी दिला नव्हता.

गावी मी कबड्डी खेळलो होतो ते अंगात जोर होता म्हणून. खेळ कळत होता असं नाही. हे आज लिहितोय. तेव्हा कुणी म्हटलं असतं तर त्याची गचांडी धरली असती.

पहिल्या वर्षी पहिल्याच सामन्यात हरलो. मेसमध्ये जेवायला बसलो तर वाढता वाढता भटारी म्हणाला, "मुकादम, तुमचा डाव्या कोपऱ्याचा गडी चढाईवाल्याच्या तोंडाकडं बघत ऱ्हातो. तोंडावर काय लिवलंय?"

हा भटारी रत्नागिरीकडचा, मुसलमान. उजवा गुडघा कामातून गेलेला, लंगडायचा. गुडघा जाईपर्यंत तो तालुक्यात कबड्डी खेळला होता, हे मला मागाहून कळलं.

"मग कुठं बघायचं?" मी खेकसलो.

"कमरेकडं. माणूस तोंड कुठंबी करंल. जायाचं तिकडंच कंबर वळते."

त्याने स्टीलच्या टेबलावर सात कांदे मांडले. हे आपले गडी. आठवा कांदा चढाईवाला. कोण कधी पुढे सरकणार, साखळी कुणी धरायची, कोपरा कधी मोकळा सोडायचा, सगळं कांदे सरकवून दाखवलं. मग रोजचंच झालं. संध्याकाळी तो मला कांदे दाखवायचा आणि मी मैदानावर जाऊन गड्यांना सांगायचो, "मी विचार करून ठेवलाय, ऐका."

त्याला हे माहीत होतं. हसायचा. "सांगा की तुमच्या नावानं. आमच्या हातचं खाऊन जिंकलेत, बस झालं." मेसचा ठेका वेगळ्या माणसाचा, त्यामुळे सामन्याच्या वेळी तो चुलीपाशीच असायचा, मधेच दोन-चार चढाया बघून परत. आमचा एकही सामना त्याने पुरता बघितला नाही.

पुढची दोन वर्षं आम्ही ढाल आणली. फोटोत ढाल माझ्या हातात आहे.

चौथ्या वर्षी पुन्हा शेवटच्या सामन्यात गेलो. समोरच्या संघात एक चढाईवाला होता, हातात यायचाच नाही. बुधवारी संध्याकाळी भटाऱ्याने कांदा टेबलावर फिरवला. "ह्यो वळताना पळभर अडकतो. तवाच घोटा धरायचा. पर कुठला पाय धरायचा त्यात सगळा खेळ हाय—" तेवढ्यात डाळ उतू गेली. तो लंगडत धावला. "ऱ्हायलेलं उद्या सांगतो, मुकादम. खलास करू त्याला."

गुरुवारी सकाळी इंजिनियर साहेबांनी मला पोर्टाकॅबिनमध्ये बोलावलं. साहेब पुण्याचे, सरळ माणूस, खेळाचं तेच बघायचे.

"मुकादम, गडी म्हणतात डावपेच तो भटारी शिकवतो. खरं का? खरं असेल तर मी त्याला कंपनीत घेतो. स्टोअरमध्ये बसून काम आणि तुमच्याबरोबर संघाला शिकवायचं. त्याच्या गुडघ्याला तरी आराम पडेल."

तो गुडघा मी रोज बघत होतो. एका हाताने टेबलाची कड धरून दुसऱ्या हाताने तो डेग ढवळायचा. दिवसाचे दहा तास. साहेबांना फक्त 'हो' म्हणायचं होतं.

मला माझी शिट्टी दिसली. बाकावर माझ्या शेजारी तो बसलेला दिसला, आणि गडी त्याच्याकडे बघून खेळताना दिसले.

मी म्हणालो, "साहेब, भटारी तो. मी जेवताना गड्यांना समजावतो ते ऐकतो आणि चार लोकांत आपलं म्हणून सांगतो."

"असं होय? मग राहू द्या," साहेब म्हणाले आणि समोरच्या कागदावर रेघ मारली.

संध्याकाळी मेसमध्ये गेलो. टेबलावर कांदे मांडलेले नव्हते. तो कांदे चिरत होता. साहेबांनी त्याला सांगितलं असणार. त्यांना लपवायचं काही कारणच नव्हतं.

"भाई, ते पायाचं राहिलं होतं," मी म्हणालो.

त्याने मान वर केली नाही. "तुमी जेवताना गड्यांना समजावता ना, मुकादम? तवा ऐकीन मी."

माझ्या ताटात मात्र नेहमीसारखाच मटणाचा चांगला तुकडा वाढला. मी तो खाल्ला.

शुक्रवारी गड्यांनी विचारलं, "कोच, कुठला पाय?" मी मोठ्या आवाजात म्हणालो, "मागचा." डोक्यात आलं ते बोललो. तो चढाईवाला दर वेळी पाय झटकून निघून गेला. आम्ही हरलो. डाव्या कोपऱ्याच्या गड्याला मी सगळ्यांदेखत बोललो, "हातात जीव नाही तुझ्या." त्याने माझी माफी मागितली. माझी!

दोन महिन्यांत भटारी दुसऱ्या कॅम्पात गेला. मी पुढे सहा-सात वर्षं कोच राहिलो. कबड्डी, रस्सीखेच, शेवटी व्हॉलीबॉलसुद्धा. व्हॉलीबॉलमधलं मला चेंडू जाळीपलीकडे टाकतात एवढंच कळायचं. जिंकलो थोडं, हरलो जास्त. आवाज मोठा होता, त्यावर निभावलं.

नोकरी संपत आली तेव्हा माझी मुलगी शहरात फरीज बिन ओमरान भागात राहायला आली होती. एक दिवस जावई मला कोपऱ्यावरच्या खानावळीत घेऊन गेले. गल्ल्यावर उंच स्टुलावर तो बसलेला. दाढी पांढरी झालेली. एक पाय सरळ पसरलेला.

"या कोच," तो म्हणाला. यापूर्वी त्याने मला कधी कोच म्हटलं नव्हतं.

"मामा, तुम्ही कोच होता?" जावयांनी विचारलं.

"मंग! रास लफानला नाव होतं ह्यांचं," तोच बोलला. टोमणा असेल म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. काही कळलं नाही.

जावई हौशी. "मग सांगा ना मामा, चढाईवाल्याला धरायचं कसं?"

'त्यांना विचारा' एवढंच म्हणायचं होतं. मी टेबलावरचे चहाचे पेले ओढले आणि मांडायला लागलो. "हा वळला की पळभर अडकतो. तेव्हाच घोटा धरायचा. मागच्या पायाचा."

"मागचा न्हवं," गल्ल्यावरून आवाज आला. "ज्यावर वजन असंल तो. हलका पाय झटकून निघतो."

"अहो चाचा, कोच हे आहेत!" जावई हसले.

तो कुणाचं तरी पार्सल बांधायला लागला.

"हो, वजनाचाच," मी म्हणालो. "विसरलो होतो."

विसरलो नव्हतो. मला ते कधी माहीतच नव्हतं.