नानांना पाजलेला रस

नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कावीळ झाली तेव्हा सकाळ-संध्याकाळ उसाचा रस मीच पाजला. त्यांना साखरेचा आजार आहे हे मला ठाऊक होतं. पण आमच्या शिरपूरकडे काविळीत रस म्हणजे औषध. त्याला कुणी गोड म्हणत नाही. शिकलेला असून मीही म्हटलं नाही.

कावीळ उतरू लागली तसा गाल सुजला. दाढ दुखत असेल म्हणून आम्ही लवंग दिली. टाळू काळी पडल्यावर धुळ्याला नेलं, तिथून मुंबईला. साखर बेसुमार चढली होती आणि वरच्या जबड्यात बुरशी शिरली होती. अर्धा जबडा काढावा लागला. बुरशीचं औषध सलाईनमधून चढू लागलं की नाना थंडीने कुडकुडत. मी त्यांचे पाय मांडीवर घेऊन बसायचो.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन खाण्यापिण्याचं विचारलं. रसाचं ऐकून म्हणाले, "त्यानेच झालं." पण नानांनी तोवर आईला सांगून टाकलं होतं, "मनीच चूक शे. चोरीसन जिलबी खादी मी." एकच वेढा खाल्ला होता. मी गप्प राहिलो.

धुळ्याच्या दातांच्या डॉक्टरांनी टाळूचं भोक झाकायला प्लेट बनवली. ती टोचली की पुन्हा एस.टी.ने धुळे, पुन्हा घासून घेणं. तरी पाणी नाकातून यायचं. नानांनी पंगतीला जाणं सोडलं. दुपारी मी समोर बसून त्यांच्याकडून शब्द म्हणवून घ्यायचो. आवाज नाकातून निघून 'पपई'चं 'ममई' व्हायचं.

"तुले समजनं ना? मंग व्हयनं!" नाना हसायचे.

आई आतून टोमणा मारायची, "आखो आनू का किलोभर जिलबी?" की ते मान खाली घालत.

एके दुपारी त्यांनी पेलाभर पाणी प्यायलं आणि नाकातून थेंबही आला नाही. त्यांनी आईला हाक मारली. "आते पंगतमा बठसू मी. फक्त जिलबी नको वाढू. चोर शे ना मी!"

आई हसली. मला हसता येईना.

"नाना, जिलबीनं काहीच व्हयनं नही," मी म्हणालो. "मी रस पाजा, त्यानं व्हयनं. डॉक्टरनी माले तव्हयच सांगेल व्हतं. माले माफ करा." मग इतके महिने त्यांना चोर ठरू दिलं, त्याची वेगळी माफी मागितली, आईच्या देखत.