जवसाच्या तेलाचा कारागीर

बुधरामला मी खरं तर ओळखत नव्हतो. कोंढ्याच्या बाजारात कित्येक वर्षं आम्ही शेजारी बसलो. मी जाळी विणायचा दोरा विकायचो, तो स्टोव्ह दुरुस्त करायचा. तरी त्याच्या घरी माणसं किती, त्याला जेवायला काय आवडायचं, हे मला सांगता येणार नाही. बोलायचा तो, ऐकायचो मी. मला लिहायची सवय नाही, तेव्हा हे कितपत जमेल कोण जाणे. मागच्या पोळ्याला तो वारला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी आठवून पाहिलं. आवाज खणखणीत होता.

त्याच्या पोत्यावर एक छोटा पितळी स्टोव्ह कायम मांडलेला असे. जंगलात तंबू ठोकून राहणाऱ्या कुणा गोऱ्या साहेबाचा तो होता, आणि बुधरामच्या बापाच्या हाताशिवाय साहेब त्याला कुणाचा हात लावू देत नसे, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. चिंच लावून तो दर बाजारी चकचकीत करायचा. पेटलेला मात्र आम्ही कुणी पाहिला नाही.

गावात घरोघरी गॅस आल्यावर त्याच्याकडे गिऱ्हाईक असं उरलं नव्हतं. माझी विधवा वहिनी शकुनबाई तेवढी राहिली. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की आमचे लोक मासेमारीसाठी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावरच, मुक्काम करतात. वहिनी तिथे पाल ठोकून त्यांना भात-रस्सा रांधून घालते. वर्षाची तिची कमाई तीच. पाळीवर वारा फार, चूल पेटत नाही, म्हणून तिचा पंपाचा स्टोव्ह.

एका वर्षी स्टोव्हनं दगा दिला. पंप मारावा तर हवा भरेना. पिवळी ज्योत, भांड्याला काजळी, आणि भात कच्चा. वहिनीनं तो बुधरामकडे दिला. त्यानं पंपाच्या दांड्याचा चामड्याचा वायसर काढला, तेलात बुडवला, परत बसवला, आणि साहेबाची गोष्ट सांगितली. दोन दिवस स्टोव्ह छान चालला. मग पुन्हा तेच. पुन्हा बुधराम, पुन्हा तेल, पुन्हा साहेब. असं होता होता माणसं कुरकुरू लागली. पाळीच्या दुसऱ्या टोकाला तुलारामनं गॅसवर जेवण सुरू केलं होतं. येत्या सोमवारपासून तिकडेच जेवू, असं त्यांनी वहिनीला तोंडावर सांगितलं.

बुधरामचं म्हणणं, आताचं रॉकेलच नकली. वहिनीनं रॉकेल बदललं, तरी तेच. मग तो म्हणाला, बाईमाणसाला पंप मारता येत नाही.

रविवारी वहिनी स्टोव्ह काखेत घेऊन बाजारात आली. त्याच्यासमोर बसून तिनं स्वतःच दांडा ओढून काढला. वायसर खडखडीत झाला होता, कडेला पिवळा चिकट थर. तिनं तो नाकाशी नेला.

"हे कोनतं तेल लावता, बुधरामभाऊ?"

"जवसाचं. घाणीचं, असली."

"जवसाचं तेल तं मी दाराले लावतो. चार दिसात वाळून कडक होते. दार कडक झालं तं बरंच हाये. वायसर कडक होऊन कसं जमन?"

"माह्या बापानं सायबाच्या तंबूत हेच लावलं, बाई."

"मंग म्हनूनच पळाले असन सायब."

भाजीवाल्या लीलाबाईला ठसका लागला. बुधराम लाजेल असं मला वाटलं होतं. त्यानं चिंचेची फोड घेतली आणि साहेबाचा स्टोव्ह घासायला लागला.

वहिनीनं पलीकडच्या चप्पल शिवणाऱ्याकडून चामड्याचा गोल तुकडा कापून घेतला. पाळीवर गेल्यावर त्याला डोक्याचं खोबरेल चोळलं, बोटांनी वाटीसारखा आकार दिला आणि बसवला. त्या संध्याकाळी स्टोव्हचा सूंऽऽ आवाज पाळीवर लांबवर ऐकू आला. ज्योत निळी. सोमवारी सगळे जेवायला तिच्याच पालात बसले. पावसानं तलाव भरेपर्यंत तिचा स्टोव्ह पुन्हा बिघडला नाही.

पुढच्याच बाजारात बुधराम लोकांना सांगत होता की, शकुनबाईचा इस्टो आपण असा बसवून दिला की तुलारामचा गॅसही फिका पडला. लीलाबाई माझ्याकडे पाहून हसली. मी दोऱ्याची गुंडी सोडवत बसलो. या माणसाला खोटं पाडणं म्हणजे वाऱ्याला गाठ मारणं, आणि मला तर भांडताही येत नाही. बाप काय करायचा ते त्यानं जन्मभर सांगितलं. आपण काय करतो ते एकदाही वाकून पाहिलं नाही.

आषाढातल्या एका बाजारी सरी येत-जात होत्या. गिऱ्हाईक नव्हतं. तो पाय पसरून बसला होता.

"भैयाजी, वहिनीचा इस्टो चालून राहिला ना?"

"चालते."

"चालनच. हात कोनाचा लागला हाये."

"पोतं उचला बुधरामभाऊ, पानी येऊन राहिलं."