एकट्यानं वाचायची पुस्तिका

मातृभाषेच्या रकान्यात ‘मराठी’ मीच लिहिलं, तेही ठसक्यात. आमचे बाबा नांदेडहून रेल्वेच्या नोकरीसाठी काचीगुड्याला आले आणि इथलेच झाले. पण घरात मराठीच बोलायची, हा त्यांचा दंडक. जुगाराच्या नादातून माणसाला स्वतःचं स्वतः बाहेर पडता येतं का, हे डॉक्टर तपासून बघत होते. त्यांच्या कागदावर मी दुसरं काय लिहिणार? ज्याच्यासाठी लिहीत होते तो माझा धाकटा भाऊ शेजारी बसून मान डोलावत होता. एवढा मोठा बाप्या, एका मुलीचा बाप, पण आपल्याला मराठी धड वाचता येत नाही हे काही त्यानं सांगितलं नाही.

तो मोबाइलवर रमी खेळायचा. बंदी असली तरी त्याला वाट सापडायची. शाळेत कधी एवढी हुशारी दाखवली नाही. पण खेळण्यापेक्षा त्याचं खोटं बोलणं आम्हाला जास्त लागायचं. ऑफिसात अडकलोय म्हणायचा, आणि विद्यानगरात रस्त्याकडेला गाडी लावून पत्ते ओढत बसलेला सापडायचा. अंबरपेठेच्या विहारात आम्ही रविवारी पंचशील म्हणतो. त्यात ‘मुसावादा’ म्हणजे खोटं न बोलण्याचं शील आलं की याला नेमका खोकला यायचा. भावजयीनंच ते माझ्या लक्षात आणून दिलं, हसत हसत. पुढे तिचं हसू संपलं आणि ती मुलीला घेऊन नांदेडला माहेरी गेली. जाताना मला म्हणाली, “अक्का, तो खेळतो की नाही ते मला नका सांगू. खरं बोलायला लागला की सांगा. तुमच्या शब्दावर येईन मी, त्याच्या नाही.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी काय बोलणार?

डॉक्टरांचं म्हणणं सोपं होतं. काही जणांना पुस्तिका आणि सोबत बोलायला समुपदेशक, काही जणांना नुसती पुस्तिका. चिठ्ठ्या टाकल्या त्यात भावाच्या वाट्याला नुसती पुस्तिका आली, मी लिहिलं होतं तशी मराठीतली. ती एकट्यानं वाचायची, त्यातलं एकट्यानं करायचं, घरच्यांनी हात लावायचा नाही. नुसत्या पुस्तिकेनं माणूस कुठवर जातो, तेच त्यांना बघायचं होतं. शेवटी फोन करून विचारणार होते.

थोड्याच दिवसांत तो पुस्तिका घेऊन माझ्या स्वयंपाकघरात हजर. “अक्का, तू वाच ना जरा.”

“एकट्यानं वाचायचीय ती.”

“अकेले पढा तो एक पन्ने को एक घंटा लगरा,” तो म्हणाला, आणि मला उलगडा झाला.

“मग तेव्हा मिठाची गुळणी धरून कशाला बसलास?”

“तू इतक्या हौसेनं लिहीत होतीस.”

त्याची शाळा तेलुगू, म्हणून तेलुगू पुस्तिका मागून घेऊ म्हटलं, तर पुन्हा तिथं जाऊन हे सांगायची त्याला लाज. शेवटी मी चष्मा लावला.

त्या पुस्तिकेची मराठी पाहून मलाही धडकी भरली. ‘आपल्या वर्तनामागील उद्दीपके ओळखा.’ म्हणजे काय, त्यानं विचारलं. म्हटलं, कशानं हात शिवशिवतात ते सांग. पगाराचा दिवस म्हणेल, असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, “घरात कोणी बोलत नसलं की.”

तल्लफ आली की ती ओसरेपर्यंत हातांना दुसरं काम द्या, असंही त्यात होतं. काम मी दिलं, अंबाडी निवडायचं. तल्लफ आली की हा विद्यानगरच्या घरून गाडीवर सुटायचा, वाटेत गोंगुऱ्याच्या, म्हणजे आपल्या अंबाडीच्या, जुड्या घ्यायचा आणि माझ्या ओट्याखाली फतकल मारून पान न् पान खुडायचा. कधी सकाळी येऊन गेलेला संध्याकाळी पुन्हा दारात उभा. आमच्या घरात इतकी अंबाडी शिजली की माझ्या नवऱ्याचे दात आंबले. “त्याला म्हणावं, पुढची तल्लफ पालकाची येऊ दे,” असं ते म्हणायचे, पण मुकाट्यानं जेवायचे.

“खेळलास का?” मी रोज विचारायची. “नाही,” तो म्हणायचा. माझा विश्वास बसायचा आणि बसायचाही नाही. नांदेडहून भावजय फोन करायची, तेव्हा मी एवढंच म्हणायची, “थांब गं अजून.” तिला थांबवताना मला फार वाईट वाटायचं.

डॉक्टरांकडचा तो फोन आला तेव्हा हा माझ्याकडेच होता. अंबाडी धुऊन त्याचे हात ओले, म्हणून त्यानं फोन स्पीकरवर टाकला. कुणी तरुण मुलगी बोलत होती, आवाज नम्र.

“इन दिनों में आप खेले क्या?”

“हौ. एक बार.”

माझं लाटणं थांबलं.

“कब?”

“बेटी के बर्थडे के दिन. वो नांदेड में थी.”

त्या दिवशी मला म्हणाला होता, डोकं दुखत होतं म्हणून झोपलो होतो. माझ्या रागाचा पारा चढला. पण तेवढ्यात तिनं पुढचं विचारलं, “किताब पढने में किसी की मदद ली आपने?” हो म्हटलं तर सगळी मेहनत पाण्यात. त्याला यादीतून काढतील, आणि हा तर डॉक्टरांच्या कामात आपण आहोत म्हणून चार लोकांत मिरवत होता. मी डोळे मोठे करून, पिठाचा हात हलवून त्याला खुणावलं, नाही म्हण. खरं बोल, खरं बोल म्हणून त्याचा जीव खाणारी मीच ती!

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि चक्क हसला.

“हौ मैडम. मेरी अक्का पढके सुनाई, पूरी किताब. मेरेकू मराठी पढना नै आता.”

ती मुलगी जरा गडबडली. मग म्हणाली, एकट्यानं केलेल्या लोकांत तुमची उत्तरं धरता येणार नाहीत. पण हवं असेल तर समुपदेशकाकडे जरूर या. तो बरं म्हणाला, फोन ठेवला आणि उरलेली जुडी सोडून खुडायला घेतली.

“काट दिये मेरेकू,” तो म्हणाला. आवाज साधाच होता. खोकलाबिकला काही नाही.

मी हात धुतले, गॅलरीत गेले आणि भावजयीला फोन लावला.

“एकदा खेळला होता,” मी म्हटलं. “पोरीच्या वाढदिवशी.”

तिच्याकडच्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

“तुम्हाला कसं कळलं?”

“त्यानंच सांगितलं.”

“तुम्ही दरडावलं असेल.”

“नाही गं. मी तर खोटं बोल म्हणून खुणा करत होते.”

मग तिनं नाक ओढलं आणि विचारलं, “अक्का, काचीगुड्याला यायला सकाळची गाडी बरी, की रात्रीची?”