संमतीचा कागद

दक्षिण आशियाई भाषांच्या एम.ए.ला आम्ही नऊ जण होतो. त्यातल्या सहा जणांच्या घरी अहिराणी बोलली जाते, हे कळायला पहिलं वर्ष संपावं लागलं. जो तो दुसऱ्याचा अंदाज घेत पुस्तकी मराठी बोलायचा. मीही तेच करायचे. जळगावात पिंप्राळ्यातल्या आमच्या घरात आई आम्हा मुलांशी शुद्ध मराठीच बोलायची, शाळेत कुणी हसू नये म्हणून. अहिराणी ती बोलायची फक्त अमळनेरकडच्या मावशीशी, तीही फोनवर.

दुसऱ्या वर्षी प्रबंध आला. घरात बोलतात तशा अहिराणीचं अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग हवं होतं आणि त्याला बोलणाऱ्याच्या सहीचा संमतीचा कागद जोडायचा होता. या दोन्हींशिवाय प्रबंध घेणार नव्हते, म्हणजे वर्ष वाया.

मी मावशीच्या गावी गेले. शेजारच्या नानांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"सही कसानी? जमीन मोजाले उनी का तू?"

रस्त्याच्या रुंदीकरणाची मोजणी नुकतीच होऊन गेली होती, म्हणून मी चिडले नाही. भाषेचा अभ्यास आहे म्हटल्यावर त्यांचा संशय आणखी वाढला. भाषेसाठी कोण कशाला जळगावहून येईल? शेवटी मावशीच्या भिडेखातर त्यांनी सही केली, टोपी नीट केली आणि मोबाईलकडे बघून सुरुवात केली, "आमच्या गावातील पाण्याची समस्या गंभीर आहे." रेकॉर्डिंग बंद करताच सुनेला अहिराणीत हाक मारून चहा सांगितला. चार दिवसांत अकरा माणसं झाली आणि अकराही जणांनी मला साहेब समजून निवेदनं दिली. सगळं गाव ठरवून मला बनवतंय, अशी माझी खात्री पटत चालली. मूळचा स्वभावच तसा आहे माझा.

घरी परतले त्या दुपारी आई मावशीशी फोनवर बोलत होती. मी माझ्या मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू करून तो पेपरखाली सरकवला आणि आत निघून गेले.

चाळीस मिनिटं मिळाली, तीही अस्सल. आई हसत होती, नक्कल करत होती, मध्येच रडलीही. लग्नानंतर दोनदा पिशवी भरून ती घर सोडून निघाली होती, हे मला त्या रेकॉर्डिंगवरून कळलं. "बठ्ठं तुलेच सांगस मी, आखो कोनले सांगू?" सगळं तुलाच सांगते, आणखी कुणाला सांगू, असं ती मावशीला म्हणत होती. आपण काय केलंय ते मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे कागद ठेवला. "कॉलेजचा आहे, सही लागते." तिने पेन मागितलं.

"वाच तरी."

"तू आणलायस ना? मग काय वाचायचं?"

नानांनी दहा वेळा उलटवला तसाच हा कागद, आणि हिने नजरही टाकली नाही. मला लाज वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं. विभागात कौतुक झालं. इतकं मोकळं बोलणं कसं मिळवलंस, असं सरांनी विचारलं. गावात चार दिवस राहिले, एवढंच मी सांगितलं.

बांधून आलेला प्रबंध वडिलांनी हौसेने चष्मा लावून हातात घेतला. रेकॉर्डिंग शब्दशः उतरवलेली पानं शेवटी जोडली होती, पण नाव कुठेच नव्हतं. 'स्त्री, गृहिणी, पिंप्राळा' एवढंच होतं. पिशवीच्या वाक्यापाशी ते थांबले. मग प्रबंध मिटून टीपॉयवर ठेवला आणि बाहेर गेले. आईने तीच पानं उभ्याउभ्या वाचली. मला वाटलं, ओरडेल. तिने प्रबंध होता तिथेच परत ठेवला. त्या दिवसापासून मावशीचा फोन आला की ती गच्चीवर जाते.

मध्ये एकदा दुपारी ती भाकरी थापत होती. कुठल्याही प्रबंधासाठी नाही, मनापासून वाटलं म्हणून मी म्हटलं, "माय, भूक लागनी वं."

तिचा हात परातीतच थांबला. तिने माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं, मग ओट्यावर, मग माझ्या खिशाकडे.

"मोबाईल कुठे आहे तुझा?" तिने शुद्ध मराठीत विचारलं.