सेलीन टॉकीजचा पोरिंचू

पोरिंचूला आपण ओळखत होतो, असं लोनप्पनला छातीठोकपणे सांगता आलं नसतं. सेलीन टॉकीजची जीप वर्षानुवर्षं लोनप्पनच चालवायचा आणि शेजारी बसून पोरिंचू माईकवरून गावभर सिनेमाची जाहिरात करायचा. पण माईक बंद झाला की घसा जपायचा म्हणून तो गप्प. त्याच्या घरी कोण कोण आहे, हेही लोनप्पनला धड ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की, पहिला खेळ स्वतः पाहिल्याशिवाय पोरिंचू फेरीला निघत नाही. त्याने ‘हसाल’ म्हटलं की बायका पोरांना घेऊन यायच्या.

त्या ओणमला तीन नावाजलेले विनोदी नट एकाच सिनेमात आले. मालक औसेप्पने आधीच बजावलं, "हा चालला नाही तर टॉकीजचा लग्नाचा हॉल करीन. मग तुला कशाला पोसू?"

पहिला खेळ सुटला आणि पोरिंचू आंबलेला भात खाल्ल्यासारखं तोंड करून बाहेर आला.

"कसा आहे रे?" लोनप्पनने विचारलं.

"तिघंही दारावर डोकं आपटतात, चेट्टा. मग दुसऱ्या दारावर. मग एक जण साडी नेसतो."

"आणि?"

"साडीतच दारावर आपटतो. कुणी हसत नाही म्हणून मागून पिपाणी वाजते. मेल्यांची नावं एवढी मोठी, आणि लाज तेवढी नाही."

जीप बाजारात थांबली. पोरिंचूने तिन्ही नटांची नावं घेतली आणि घसा खाकरला. "खुर्च्या नव्या आहेत. पंखे सगळे चालू आहेत. मध्यंतरात गरम परिप्पुवडा मिळेल."

भाजीवाली कार्त्यायनी म्हणाली, "अरे, हसू येतं का ते सांग. पोरांना आणू की नको?"

"वडा चांगला आहे, चेच्ची."

सगळा बाजार हसला. त्या सिनेमाच्या नावावर गावात पिकलेला हशा तेवढाच.

संध्याकाळी नव्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. औसेप्पने माईक हिसकावून घेतला. "एक शब्द बोलायचा होता तुला. एकच."

"तोच तोंडातून निघेना, मालक."

टॉकीजचा हॉल झाला. लोनप्पन त्याच जीपमधून लग्नाची भांडी वाहू लागला. पोरिंचू धक्क्याजवळच्या मासळीच्या दुकानात कामाला लागला. पुढे लोनप्पन एकदाच तिकडे गेला.

"तारली कशी आहे रे?"

"कालची आहे, चेट्टा. बांगडा घ्या."

"दे अर्धा किलो."

"साफ करून देऊ?"

"नको. घरी बायको करेल."