इंदूर तासाभरावर

पांढुर्ण्याच्या बाजारात प्रभाकररावांचं साड्यांचं दुकान. माणूस सरळ, पण भलता घाईचा. चहासुद्धा उभ्यानं प्यायचा. दोन वर्षांपूर्वी मुलानं, अंकुरनं, त्यांना नागपूरहून इंदूरला विमानानं नेलं आणि तेव्हापासून तर विचारूच नका. गिऱ्हाइकापुढे साडी उलगडता उलगडता सांगायचे, "नागपूर-इंदूर, हवेतून पावणेचारशे किलोमीटर. तासाभरात खाली! मोबाइलवर पाहून घ्या."

इंदूरला त्यांची थोरली बहीण, जयवंता. पूर्वी रात्रभर रेल्वेनं जायचे, पण गेले की आठ दिवस राहायचे. आता ती एवढी जवळ आली म्हटल्यावर जाणं राहूनच गेलं.

"ये न रे एकदा," ती फोनवर म्हणे.

"येतो न ताई, तासाभराचं तर काम आहे."

जानेवारीतल्या एका संध्याकाळी भाच्याचा, भूपेंद्रचा फोन आला. जयवंताबाई गेल्या. "मामा, सकाळी दहाला न्यायचं आहे. माहेरची साडी तुम्हीच आणा. आई सांगून ठेवायची."

बाईला शेवटी माहेरची साडी नेसवतात. प्रभाकररावांनी, बहीण सवाष्ण गेली म्हणून, दुकानातली सगळ्यात चांगली हिरवी साडी काढली.

त्यांची बायको धनश्री पिशवी भरत म्हणाली, "रात्रीची गाडी धरा. भोपाळहून टॅक्सी करा, वेळेवर पोचता."

"सकाळचं पहिलं विमान आहे न! रात्रभर कायले हाडं मोडून घेऊ?"

"इंदूर तिकडं, अन् तुम्ही उलटे नागपूरले जाऊन राहिले. मंग तेच विमान आपल्याच डोक्यावरून जाईन!"

"तुले काय समजते त्यातलं?"

समजत होतं ते तिलाच.

पहाटे ते नागपूरच्या विमानतळावर पोचले, तर इंदूरला दाट धुकं. विमान हलेना. फलकावरची वेळ सरकायची, पुन्हा सरकायची. भूपेंद्र फोन करायचा आणि हे म्हणायचे, "निघतेच आता." दहा वाजून गेले. बारा वाजून गेले.

"मामा, सगळे खोळंबले आहेत. अजून किती वेळ?"

प्रभाकररावांनी पिशवी मांडीवर घेतली.

"नका थांबू," ते शेवटी म्हणाले. "न्या ताईले."

दुपारी विमान उडालं आणि खरंच तासाभरात उतरलं.

घरी पोचले तेव्हा अंगण धुऊन झालं होतं. भूपेंद्रच्या बायकोनं, हिमानीनं, पाणी दिलं. "मामाजी, फार वाट पाहिली हो. मग शेजारच्या काकूंनीच माहेरची म्हणून स्वतःची साडी नेसवली." रिकामा पेला घेत तिनं विचारलं, "तुम्ही आणली होती का?"

पिशवी पायाशीच होती.

"नाही," प्रभाकरराव म्हणाले. "निघायच्या गडबडीत राहून गेली."

आणि त्यांनी ती पायानंच हळूच खुर्चीखाली सरकवली.